सरावाची शर्यत, साधनेचा प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स मॅरेथॉनचं नाव आता पुण्या-मुंबईच्या धावपटूंच्या तोंडी सर्रास ऐकू येतं. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९२१ साली ही शर्यत सुरू झाली. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या शहरांमधलं सुमारे ९० किलोमीटरचं डोंगराळ अंतर बारा तासांत कापायचं. बारा तास पुरे झाले की बंदूक उडते. त्यानंतर रेषेवर पोचणारा दोन पावलांनी मागे असला तरी त्याला पदक मिळत नाही.

सपाट रस्त्यावर कितीही धावलं तरी अशा शर्यतीला ते पुरत नाही. म्हणून बरेच जण आधी डोंगरवाटांवरची एखादी मॅरेथॉन धावतात. सिंहगड, राजगड, तोरणा या पट्ट्यात तर आता शर्यतीही होतात. नाव नोंदवताना पुष्कळांच्या मनात एकच असतं, ही खरी शर्यत नव्हे, पुढच्या मोठ्या शर्यतीची तयारी आहे.

इथेच एक जुना आणि अवघड प्रश्न उभा राहतो. जे केवळ दुसऱ्या कशासाठी केलं जातं, त्याला स्वतःचं मोल असतं का? की त्याचं सगळं मोल पुढचं काम साधलं तरच ठरतं? माणसाच्या आयुष्यातला फार मोठा भाग तयारीतच जातो. तयारीला मोल नसेल तर आयुष्याचा तेवढा भाग रिकामाच गेला म्हणायचं.

राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडून तोरण्याच्या दिशेला उतरणारी वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना डोंगराचं उत्तर ठाऊक असेल. पावसाळा सरला की सोंडेवरचं गवत वाळतं आणि त्याखालचा मुरूम सुटा होतो. पाऊल पडलं की टाच आधी बोटभर सरकते, मग रुतते. शरीराचा भार पुढे टाकावा तर तोल जातो, मागे टाकावा तर माणूस बसकण मारतो. समोर तोरण्याची बुधला माची दिसत असते, पण तिच्याकडे बघायला थांबावं लागतं. पळता पळता बघितलं की घसारा पाय ओढतो. पुढच्या मोठ्या शर्यतीचा विचारही तिथे परवडत नाही. ही वाट तयारीची आहे की अंतिम, याच्याशी त्या मुरमाला काही देणंघेणं नाही. पुढचं पाऊल नीट पडलं पाहिजे, एवढंच तो मागतो.

शरीरशास्त्रही याच अंगाने जातं. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो यामुळे. पण तेवढ्या एका उताराने स्नायू शहाणे होतात. पुढचे काही आठवडे तसाच भार पडला तरी इजा बरीच कमी होते. हे संरक्षण मनातल्या संकल्पाने मिळत नाही. त्या दिवशीचा भार त्या दिवशी खरोखर पेलावा लागतो. पुढची शर्यत सोपी जाते ती आजची पूर्णपणे अंगावर घेतल्यामुळे.

मग सरावाच्या शर्यतीत जीव तोडून धावावं का? मुळीच नाही. तसं धावणारा मोठ्या शर्यतीआधीच जायबंदी होतो, आणि तेही फळाच्या हव्यासापायीच. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्यांत कर्म आणि विकर्म यांचा विनोबांनी लावलेला अर्थ इथे फार उपयोगी पडतो. बाहेरचं काम ते कर्म. त्याला आतून मनाची जोड मिळणं ते विकर्म. दोन्ही जुळली की कामाचं ओझं वाटेनासं होतं. डोंगरातल्या धावपटूपुढे हाच उलगडा आहे. त्याने वेग जरूर राखून ठेवावा. लक्ष मात्र राखून ठेवता येत नाही. संथ धावणारा माणूस पूर्ण मनाने धावत असू शकतो, आणि ऊर फुटेस्तोवर पळणाऱ्याचं मन घड्याळात अडकलेलं असू शकतं.

कॉम्रेड्सचं एक टोक असलेल्या पीटरमॅरिट्झबर्गच्याच स्टेशनवर १८९३ साली गांधीजींना गाडीतून उतरवलं गेलं. पुढे १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना त्यांनी ठामपणे मांडलं, की साधन जसं असेल तसंच साध्य हाती येतं. त्यांचा रोख राजकारणावर होता, पण धावपटूलाही हे सोडत नाही. दुखऱ्या गुडघ्यावर वेदनाशामक गोळी घेऊन सरावाची शर्यत पुरी करणारा वेदना गप्प करायला शिकतो, ती ऐकायला शिकत नाही. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना अशा काही गोळ्या मूत्रपिंडालाही बाधतात. नव्वद किलोमीटरच्या वाटेवर हीच सवय त्याच्यासोबत येते.

जपानमध्ये क्योतोजवळच्या हिएई पर्वतावर तेंदाई बौद्ध पंथाचे काही भिक्षू सात वर्षांत मिळून हजार दिवस डोंगर चालण्याचं व्रत घेतात. सुरुवातीच्या वर्षांत शंभर-शंभर दिवस, रोज सुमारे ३० किलोमीटर. वाटेत अडीचशेहून जास्त ठिकाणी थांबून प्रार्थना करायची. पहिले शंभर दिवस ही एका अर्थाने पारखच. त्यानंतर परंपरेनुसार माघार नाही. पण नवख्याला सूट मुळीच नसते. उलट पहिल्या तीनशे दिवसांत गवताच्या चपलांखाली मोजे घालायचीही मुभा नसते. युसाई साकाई या भिक्षूने हे व्रत दोनदा पुरं केलं, दुसऱ्यांदा १९८७ साली. त्या परंपरेत आरंभाचे दिवस दुय्यम मानलेले नाहीत, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

आपल्याकडे वारी हे याहून जवळचं उदाहरण. वेळापूरजवळच्या उतारावर वारकरी धावा करतात. तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. पंढरपुरात पोचल्यावर गर्दीमुळे कित्येकांना गाभाऱ्यापर्यंत जाता येत नाही. नामदेव पायरीला हात लावून, कळसाला नमस्कार करून ते परततात, आणि वारी अपुरी राहिली असं मानत नाहीत. अर्थात वारकऱ्याचं चालणं भक्तीचं असतं, भिक्षूचं व्रताचं. पदकासाठी धावणं त्यांच्या पंक्तीला बसवणं योग्य नाही. धावपटूने त्यांच्याकडून एवढं मात्र जरूर घ्यावं, की वाटेवरचा दिवस मुक्कामाच्या हवाली करायचा नसतो.

तेव्हा मोठ्या शर्यतीची तयारी म्हणून यंदा सह्याद्रीत धावणाऱ्यांनी वेग आवरता ठेवावा, उतारावर घड्याळाकडे बघू नये, वाटेतल्या वाडीत पाणी देणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलावेत. आणि गुडघा खरोखरच दुखावला, तर तिथूनच माघारी फिरावं. यात कसलाही कमीपणा नाही.