फुल अँड फायनल



एक कागद मी वाचला, त्याचा हिशेब तुमच्यापुढं मांडतो. कविता नाही. कवितेत लपता येतं.

गाव माझं वडीगोद्री, तालुका अंबड. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता धुळे-सोलापूर हायवेला भिडतो तिथलं. काम जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या मिलमध्ये. आमच्या गल्लीतले नाना माझ्याआधी कैक वर्षं तिथंच. २०२१च्या पावसाळ्यात रोलमधून सुटलेली लालभडक सळई उसळली आणि नानांच्या डाव्या पायात शिरली. पाय राहिला, टाच गेली. दोन महिन्यांनी ठेकेदाराचा माणूस घरी कागद घेऊन आला. इंग्रजीत टाईप केलेला, खाली तिकीट डकवलेलं. नाना म्हणाले, "आपला पोऱ्या हाय ना. त्यो वाचंल, मंग करतो सही."

तो पोऱ्या मी.

दहावीनंतर शाळा सुटली, पण इंग्रजी वाचायचा नाद सुटला नाही. पाट्या, औषधांची खोकी, मशीनवरची पत्रं, जे दिसेल ते मोठ्यानं वाचायचो. गल्लीत नाव झालं, पोराला इंग्रजी येतं. त्या दिवशीही मी खणखणीत वाचलं. नानी दारात पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. 'फुल अँड फायनल सेटलमेंट' तर मी असा म्हणलो की ठेकेदाराच्या माणसानंही मान वर केली. नानांनी विचारलं, "काय म्हंतंय बाबा?" म्हणलं, "सगळे पैसे एकदाच देणार म्हंतेत. फुल, फायनल." नानांनी सही केली. हातात आले ते पैसे चार महिने पुरले.

आता खरं सांगतो. फुल मला पाण्याच्या टाकीवरून माहीत. फायनल क्रिकेटवरून. सेटलमेंट म्हणजे काहीतरी सेटल, पोरगा नोकरीला लागला की म्हणतात तसं. तीन ओळखीचे शब्द मी जोडले आणि त्यातून चांगलाच अर्थ काढला. चौथा एक शब्द होता, रिलिंक्विश. तो येत नव्हता. तोंडानं तो मी म्हणालो, डोक्यानं त्याच्यावरून उडी मारली.

चळवळीतले मित्र म्हणतात, तुझा काय दोष? चोर तो, ज्यानं कागद लिहिला. कबूल. त्याच्या चोरीचा हिशेब त्याच्याकडं. पण माझी उडी त्याच्या खात्यावर टाकता येत नाही. मी उडी कामून मारली? 'मला हा शब्द येत नाही' एवढं म्हणायला काय लागत होतं? लाज लागत होती. शाळेत इंग्रजीच्या तासाला अडखळलो की सगळा वर्ग हसायचा, आणि हसण्यात आडनाव असायचं. आपल्यात 'येत नाही' म्हणणं महाग पडतं. म्हणून आपण येतं असं दाखवतो. माझी लाज राखली गेली, किंमत नानांच्या पायानं दिली.

आपल्या आज्या-पणज्यांच्या कानावर मंत्र पडू नये असा बंदोबस्त होता. ज्याला मंत्र म्हणता यायचा त्यालाही बहुतेकदा अर्थ माहीत नसायचा. सूर बरोबर, स्वाहा बरोबर, समोरचा हात जोडून. त्या दिवशी नानांच्या दारात मी तेच केलं. मी भटजी झालो होतो. दक्षिणा म्हणून नानींनी चहा पाजला, तोही मी प्यालो.

उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावात २०१० साली इंग्रजी देवीची मूर्ती आणली गेली. चंद्रभान प्रसाद यांची ती कल्पना. मेकॉलेचा वाढदिवसही ते साजरा करत. त्यांचं म्हणणं सरळ आहे : इंग्रजी नसेल तर दलिताला या देशात वर यायला वाट नाही. त्यात दम आहे. सावित्रीमाईंनी १८५४च्या 'काव्यफुले'त इंग्रजीचं कौतुक केलं, तेव्हाही हेच दिसत होतं. पण माझं भांडण देवीशी आहे. देवीला शब्दाचा अर्थ विचारता येत नाही. देवी आली की पाठांतर आलं, आणि पाठांतरातून माझ्यासारखे निघतात.

आणि मी एकटा नाही. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. २०२३ची 'असर'ची पाहणी खेड्यातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची होती. देशभरच्या त्या मुलांपैकी ५७.३ टक्क्यांना इंग्रजीची साधी वाक्यं वाचता आली. ज्यांना वाचता आली त्यांतल्या साधारण तीन चतुर्थांश मुलांनाच अर्थ सांगता आला. उरलेला चारातला एक माझा भाऊ. त्याच्या दारात उद्या कोणाचे तरी नाना कागद घेऊन येतील.

बाबासाहेबांना इंग्रजी कसं आलं, हे आपण जयंतीला सांगत नाही. कोलंबिया सांगतो, लंडन सांगतो. त्याच्याआधी सुभेदार रामजी होते. त्यांनी पोराकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं घोटून घेतली, तर्खडकरांची भाषांतराची पुस्तकं करून घेतली. या शब्दाला त्या भाषेत नेमका शब्द कोणता, हा घरातला रोजचा व्यायाम. एक पाय मराठीत, एक इंग्रजीत. म्हणून तो माणूस १९२० साली 'मूकनायक' मराठीत काढतो आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ इंग्रजीत छापतो. आपण ग्रंथाचा फोटो भिंतीला लावला. व्यायाम सोडून दिला.

मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज मास्तर ढाक्याला होता. साहेब होता, पण त्याला एक गोष्ट दिसली. बंगालातली बहुतेक पोरं शाळा मधेच सोडतात. मग त्यांच्या हाती काय राहतं? विम्याची पॉलिसी मधेच मोडली तर जी रक्कम परत मिळते, तिला सरेंडर व्हॅल्यू म्हणतात. त्यानं तोच शब्द शिक्षणाला लावला. म्हणाला, आधी वाचून समजायला शिकवा, म्हणजे मधेच सुटलेल्या पोराकडंही काही राहील. पुढं १९५३ साली त्यानं सर्वांत उपयोगी अशा सुमारे २००० शब्दांची यादी छापली. मी दहावीला पॉलिसी मोडली. माझ्या हाती फक्त आवाज राहिला होता.

सेटलमेंट हाच शब्द घ्या. मी तो नंतर महिनाभर उकरला. तंटा मिटवणं म्हणजे सेटलमेंट. जमिनीचा सारा ठरवणं, तेही सेटलमेंट. आणि सोलापूरला जाऊन विमुक्तांच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. १८७१पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्यांना तारेच्या कुंपणात डांबलं, त्या जागेचं नाव सेटलमेंट. १९५२ साली सुटका झाली तरी नाव राहिलं. माणूस सेटल झाला म्हणजे सुखी झाला, असं आपण लग्नाच्या बैठकीत म्हणतो. तोच शब्द कुंपणाला लागतो, तोच नानांच्या टाचेला. म्हणून शब्द सुटा पाठ करून भागत नाही. तो कोणाच्या तोंडी आहे आणि कोणाच्या पायावर पडतोय, तेही त्याच्या अर्थात येतं. गाईडात हे नसतं.

२०२४ साली डिक्शनरीत रिलिंक्विश सापडला. हक्क सोडून देणे. मी जिन्यात बसलो तो बसलोच. पुढं शोधत गेलो तर तेव्हा लागू असलेल्या कामगार भरपाईच्या १९२३च्या कायद्यात १७वं कलम निघालं. भरपाईचा हक्क कामगारानं सोडून दिला असा करार कोणी करून घेतला, तर तेवढ्यापुरता तो रद्द. आणि त्या कलमात 'सोडून देतो' याला इंग्रजीत शब्द कोणता होता? रिलिंक्विशच. ठेकेदाराच्या कागदात तो नानांना मारायला उभा होता, कायद्यात नानांना वाचवायला. मी दोन्हीकडून उडी मारून गेलो. दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. ती सरली होती.

विहारात आता रविवारी आम्ही सात-आठ जण बसतो. धडा नाही, कागदच घेतो. बँकेचा, विम्याचा, भरतीचा, कोणाच्याही घरून आलेला. नियम एकच कडक आहे, उडी मारायची नाही. अडला की थांबायचं, मागचं-पुढचं वाक्य बघून आधी अंदाज सांगायचा, मग डिक्शनरी. शब्द वहीत एकटा लिहायचा नाही, ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यासकट लिहायचा. क्लेम भेटला तर क्लेमंट, डिसक्लेम ही भावंडंही बघून ठेवायची. पुढच्या रविवारी तेच शब्द पुन्हा. शेवटी सगळा मजकूर मराठीत, विहार झाडायला येणाऱ्या आजीला सांगायचा. आजी म्हणाली "न्हाई कळलं", की पुन्हा सुरुवात. दोन पोरं कंटाळून गेली, म्हणाली याच्यात बोलायला शिकवत नाहीत. खरंय, त्यांना मुलाखतीला बोलायचं असतं. त्याचं उत्तर अजून माझ्याकडं नाही.

नानांना सांगायला मला तीन आठवडे लागले. सांगितलं तेव्हा ते बाजेवर पाय चोळत बसले होते. खूप वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तवाच म्हनला असता, येत न्हाई, तर म्या दुसऱ्याला इचारलं असतं." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

उशिराला पुरेसं कारण असेल तर दावा ऐकून घ्यायची सोय त्या कायद्यात होती. तेवढ्या धाग्यावर आम्ही वकिलाकडं गेलो. वकील म्हणाले, पुरेसं कारण म्हणून काय लिहू? म्हणलं, लिहा, कागद वाचून दाखवणाऱ्याला एक शब्द येत नव्हता आणि त्यानं तसं सांगितलं नाही. वकील हसले. म्हणाले, असं कोर्टात कोणी लिहीत नाही. नाना खुर्चीतून म्हणाले, "लिवा सायेब. आन लिवल्यावर त्यालाच वाचाया लावा."