हलकें चिलखत आणि जड चिलखत

युद्धास निघणाऱ्या मनुष्यानें अंगावर किती लोखंड घ्यावें, हा प्रश्न प्रोफेसराच्या व्यवसायांत सहसा उद्भवत नाहीं. मला तो गेल्या पावसाळ्यांत पडला, आणि तोही आमच्या घरच्या जेवणाच्या मेजावर. माझा पुतण्या शिक्षणासाठीं आमच्याकडे राहतो. रविवारीं दुपारीं त्याचे चार मित्र येतात, आणि पानें उचललीं जातांच त्याच मेजावर नकाशे, पेन्सिली व नाना आकारांचे फासे मांडून ही मंडळी एका कल्पित राज्यांत शिरतात. या खेळाचें नांव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. एक जण कथेचा सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार संकट उभें करतो, पात्रें त्यास कसें तोंड देणार तें सांगतात, आणि यशापयशाचा निवाडा फाशावर होतो. पत्त्यांप्रमाणें किंवा सोंगट्यांप्रमाणें येथें गड्यानें गड्यास हरवावयाचें नसतें. सारे मिळून तरावयाचें असतें. मुलें थट्टेनें म्हणालीं, “काका, तुम्हीही या.” मीही थट्टेनेंच बसलों, आणि पहिल्याच प्रश्नापाशीं अडलों: चिलखत हलकें घ्यावयाचें कीं जड?

मुलांचीं पात्रें पुष्कळ दिवस खेळून संपन्न झालेलीं होतीं, म्हणून मलाही त्यांच्या तोलाचा एक वीर देण्यांत आला. नियमांचें पुस्तक २०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीचें. तें उघडून त्यांनीं मला हिशेब समजावून दिला. शत्रूनें वार केला म्हणजे वीस बाजूंचा एक फासा टाकतात. त्यांत शत्रूच्या कौशल्याची भर घालून येणारी संख्या तुमच्या संरक्षणाच्या आंकड्याइतकी किंवा त्याहून अधिक झाली तर वार लागला. कमी पडली तर चुकला. पोलादी पत्र्यांच्या पूर्ण चिलखताचा आंकडा १८. त्यास १,५०० सुवर्णमुद्रा पडतात, त्याचें वजन ६५ रत्तल, म्हणजे सुमारें साडेएकोणतीस किलो, आणि तें वागविण्यापुरतें बळ अंगांत नसेल तर चाल मंदावते. खिळे जडविलेल्या कातडी चिलखताचा मूळ आंकडा १२. वजन १३ रत्तल, किंमत अवघ्या ४५ मुद्रा. परंतु कातडें पेहरणाऱ्यास आपल्या अंगच्या चपळाईचे गुण त्यांत मिळवितां येतात, पोलाद पेहरणाऱ्यास येत नाहींत. चपळाई परमावधीची असली तर पांच गुण मिळतात, आणि कातड्याचा आंकडा १७ होतो. सतरा आणि अठरा! विसांत एकाचा फरक. एवढ्यासाठीं तीस किलो लोखंड कोण वाहील? मीं अर्थातच कातडें घेतलें. पुतण्याचा वीर मात्र पोलादांत होता.

पण त्या दोन आंकड्यांकडे पाहतां पाहतां मला एक गंमत दिसली. नियमांच्या दृष्टीनें वार चुकणें ही एकच गोष्ट आहे. वस्तुतः त्या दोन गोष्टी आहेत. पोलादवाल्यावरचा वार ‘चुकला’ म्हणजे बहुधा तो त्याच्या अंगावर आला, पत्र्यावर आपटला आणि तेथेंच विझला. कातडेंवाल्यावरचा वार चुकला म्हणजे तो आला त्या क्षणीं हा मनुष्य त्या जागीं नव्हता. पहिला म्हणतो, “घाव पडणारच; तो माझ्यावर पडो आणि येथेंच संपो.” दुसरा म्हणतो, “घाव पडेल तेव्हां मी दुसरीकडे असेन.” दोघांचाही हिशेब एकाच रकान्यांत मांडलेला! मग दुसऱ्याच्या बाबतींत तो घाव गेला कोठें? पुस्तकांत याचें उत्तर नाहीं. चुकलेला घाव तेथें हवेंत विरून जातो.

हवेंत तो नेहमींच विरत नाहीं, हें खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला नाहीं तोंच कळलें. एका अरुंद बोळांत आम्ही सांपडलों होतों. पुढें मी व माझा पुतण्या, मागें आमच्यांतला दुबळा मांत्रिक, आणि समोरून एक धिप्पाड राक्षस. त्याचे दोन वार माझ्यावर आले, दोन्ही चुकले. मला लहान मुलासारखा आनंद झाला. मग माझ्या वीराच्या अंगीं असलेली एक कला मीं वापरली: शत्रूला उलट वाराची संधि न देतां अलगद बाजूस सरकलों. चाल सर्वथा नियमांस धरून होती. राक्षस सहजच पुतण्याकडे वळला. त्यानें जागा सोडली नाहीं. कारण त्यानें ती सोडली असती तर पुढचा वार मांत्रिकावर होता. पोलाद असूनही लागोपाठ तीन घाव त्यास लागले आणि त्याची प्राणसंख्या निम्म्यावर आली. माझ्या कागदावर एकही गुण खोडलेला नव्हता, आणि मी त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत होतों. मुलगा तक्रारीच्या सुरांत नव्हे, केवळ डाव समजावून देण्यासाठीं म्हणाला, “काका, तुम्ही हललात कीं तो माझ्याकडेच येणार. मी त्यासाठींच तर तिथें उभा आहे.”

जड चिलखताविषयीं माझा ग्रह तोंपर्यंत अगदीं निराळा होता, आणि वाचकांपैकीं पुष्कळांचाही तसाच असेल. जो अंगभर लोखंड चढवितो तो जिवाला फार जपणारा, आणि जो उघड्या छातीनें जातो तो शूर, असें आपण धरून चालतों. शौल राजानें देऊं केलेलें चिलखत काढून ठेवून गोफण घेऊन निघालेला दावीद सर्वांस आवडतो. आपल्याकडेही चपळ मावळे आणि अवजड बादशाही फौजा हें चित्र मनांत ठसलेलें आहे, तें कांहीं खोटें नाहीं. मात्र १६५९ सालीं प्रतापगडच्या भेटीस जातांना महाराजांच्या अंगरख्याखालीं चिलखत होतें, हेंही आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों, आणि त्यामुळें कोणाच्या मनांत त्यांच्या शौर्याबद्दल किंतु आलेला नाहीं. म्हणजे लोखंडाचें वजन हें भित्रेपणाचें माप नव्हे. मग तें कशाचें माप आहे?

या ठिकाणीं ग्रीक लोकांची आठवण होते. त्यांचा जड पायदळी सैनिक डाव्या हातावर सुमारें तीन फूट व्यासाची गोल ढाल वागवी. ती अशा बेतानें धरलेली असे कीं तिचा अर्धा भाग त्याच्या स्वतःच्या अंगावर, तर अर्धा डाव्या बाजूच्या शेजाऱ्याच्या उघड्या उजव्या अंगावर येई. ख्रिस्तपूर्व ४१८ मधील मँटिनीआच्या लढाईचें वर्णन करतांना थुसिडिडीझ सांगतो कीं, पुढें सरकतांना अशा फौजा नेहमीं उजवीकडे कलतात. कारण प्रत्येक जण आपल्या उजव्या शेजाऱ्याच्या ढालीआड अंग चोरूं पाहतो. मनुष्यस्वभावावरचें इतकें मार्मिक निरीक्षण भल्या भल्या नीतिग्रंथांत आढळत नाहीं! आणि शिरस्त्राण किंवा उरस्त्राण टाकणाऱ्यास स्पार्टांत अपकीर्ति नाहीं, पण ढाल टाकणाऱ्यास आहे, असें कां, या प्रश्नावर डेमरेटस राजानें दिलेलें उत्तर प्लुटार्कनें नोंदलें आहे: पहिल्या दोन वस्तु मनुष्य स्वतःसाठीं घालतो, ढाल सबंध रांगेसाठीं धरतो, अशा अर्थाचें तें आहे. चिलखताच्या प्रश्नांतली खरी भेदरेषा ही दिसते. तें हलकें कीं जड हें दुय्यम. आपल्या मागें किंवा बाजूस कोण उभें आहे हें आधीं पाहिलें पाहिजे.

हलक्या शस्त्रांचा पक्ष मी सोडीत नाहीं. ख्रिस्तपूर्व ३९० च्या सुमारास कॉरिंथजवळ लेकियम येथें इफिक्रेटीझच्या हलक्या भालेफेक्यांनीं स्पार्टाच्या सुमारें सहाशें जड सैनिकांची एक तुकडी दिवसाउजेडीं उधळून लावली. लोखंडवाले धांवून येत, तोंपर्यंत हे दूर गेलेले असत. शिवाय सगळेच दारांत रोवून उभे राहिले तर बाहेर जाऊन मदत आणणार कोण? हा युक्तिवाद खरा आहे. मीं तो आयुष्यांत पुष्कळदां केला आहे, आणि तो मला इतका चांगला येतो याचाच आतां थोडा संशय येतो.

कारण तो मुलगा माझ्या थोरल्या बंधूंचा. आमचे वडील दुसऱ्या एकाच्या कर्जास जामीन राहिले होते. तो मनुष्य गांव सोडून गेला, आणि पुढच्याच वर्षीं वडील वारले. दादा तेव्हां चोवीस वर्षांचे, मी एकोणिसांचा. मला पुण्यास शिष्यवृत्ति मिळाली होती. दादांच्या हातांत मुंबईच्या नोकरीचें पत्र होतें. दादा म्हणाले, “तूं जा.” मी गेलों. कोणताही नियम मीं मोडला नाहीं. अलगद बाजूस सरकलों, एवढेंच. पुढें पैसे पाठविले, नाहीं असें नाहीं. पण वसुलीचीं माणसें येत तीं दादांकडे, बहिणीच्या लग्नाचीं बोलणीं होत तीं दादांशीं, आईच्या आजारपणांत रात्रीं दार वाजविलें जाई तें दादांचें. या खेळांत पोलादी चिलखताचा एक मोठा दोष सांगितला आहे: तें वाजतें. तें घालून लपूं गेलें तर फासा दोनदां टाकावा लागतो आणि कमी पडेल तें दान धरावें लागतें. हा नियम मुलांनीं मला वाचून दाखविला तेव्हां मला गांवचें आमचें घर आठवलें. दादा कोठें लपणार होते? घर त्यांच्या नांवावर, शेत त्यांच्या नांवावर, ओसरीवर दिवा. माझा पुण्यांतला पत्ता मात्र त्या माणसांनीं कधीं विचारलाही नाहीं.

पुतण्या संगणकावर आणखी एक खेळ खेळतो, ‘स्कायरिम’ नांवाचा. तो २०११ सालीं निघाला. त्यांतही चिलखतें हलकीं व जड अशीं दोन जातींचीं आहेत. पुरेशी तयारी केली तर दोहोंनींही घावाचा जोर शेंकडा ऐशींपर्यंत कमी होतो, त्यापुढें कशानेंच होत नाहीं. म्हणजे शेवटीं दोन्ही एकाच आंकड्यावर येऊन थांबतात. चिलखत वागविण्याची विद्या तेथें मुख्यतः तें घालून मार खाल्ल्यानें वाढते. जो एकही वार अंगास लागूं देत नाहीं त्याची ती वाढत नाहीं. आणि जड चिलखताची विद्या सत्तरापर्यंत गेली म्हणजे ‘कंडिशनिंग’ नांवाची एक सिद्धि घेतां येते. ती घेतली कीं अंगावरच्या चिलखताचें वजन शून्य होतें, आणि त्यानें चालही मंदावत नाहीं. मीं विचारलें, “वजन खरोखर जातें, कीं त्याला जाणवेनासें होतें?” मुलगा हंसला. “खेळात दोन्ही एकच, काका.”

“दादांना आतां संवय झाली आहे,” हें वाक्य मीं आमच्या घरांत गेलीं तीस वर्षें उच्चारीत आलों आहें. सणाला सारे पाहुणे त्यांच्याकडेच उतरतात, त्यांना संवय आहे. वाटणीच्या कागदांसाठीं तालुक्याच्या कचेरींत तेच खेटे घालतात, त्यांना संवय आहे. तें वजन शून्य झालें आहे असें मला कोणी सांगितलें? दादांनीं तर नव्हे. मागच्या दिवाळींत ते आमच्याकडे आले तेव्हां दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बसले होते. मी वरून विचारलें, “काय झालें?” म्हणाले, “कांहीं नाहीं, पिशवी जड आहे.” मीं खालीं जाऊन पिशवी उचलली. ती कांहीं फार जड नव्हती.

पुढच्या रविवारीं मीं माझ्या वीरास पोलादी चिलखत देण्याची परवानगी मागितली. मुलांनीं पुस्तक पाहिलें. माझा वीर ज्या पेशाचा आहे त्यास जड चिलखताची तालीम नसते. तालमीवांचून तें अंगावर घेतलें तर त्याचा वारही धड लागणार नाहीं. शिवाय तें चढविण्यास दहा मिनिटें लागतात, आणि बोळाच्या तोंडाशीं शत्रु तर आलेलाच होता. मी हिरमुसलों. पुतण्या म्हणाला, “काका, कातडं घालूनही दारात उभं राहता येतं. फक्त हलायचं नाही.”

मी दारांत उभा राहिलों. दोन वार चुकले, तिसरा लागला. मुलांनीं पेन्सिल पुढें केली, आणि मीं माझ्या कागदावरचे अकरा गुण खोडले.