कुंडी बदलल्यानंतर

प्रेमाने माणूस जगतो, असे आपण सहज बोलून जातो. प्रेमाने एखादा जीव गुदमरूही शकतो, हे बोलावयास मात्र आपली जीभ धजत नाही. आम्हांला हे सत्य एका कोरफडीने शिकविले. आणि ते आम्ही अर्धेच शिकलो, म्हणून पुढे जे घडले तेही येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

वडील देवाघरी गेल्यानंतर आम्ही आईला नगर जिल्ह्यातील गावाहून पुण्याला आणले. तिच्याबरोबर लुगड्यांचे एक बोचके, काळ्या मण्यांची जपमाळ, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आणि तेलाच्या जुन्या डब्यात लावलेली कोरफड एवढेच सामान होते. डब्याचा तळ गंजला होता, भोकांतून मुळ्या बाहेर डोकावत होत्या आणि मोठ्या झाडाभोवती पिल्लांची दाटी झाली होती. पहिल्याच रविवारी मिस्साहून परतल्यावर आम्ही उत्साहाने ते झाड नव्या, चांगल्या ऐसपैस कुंडीत हलविले. काळीभोर माती घातली, खताची कसूर केली नाही, आणि संध्याकाळी तांब्यावर तांब्या पाणी ओतले. पुढे रोज सकाळी तोच नेम. आठव्या दिवशी पाने पिवळट व पाणचट दिसू लागली. बाराव्या दिवशी झाड हाताने धरताच उचलून वर आले. खाली मुळ्यांचा काळा, कुजका लगदा उरला होता.

आईने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. जुन्या डब्यात राहिलेली तीन पिल्ले तिने मुळ्यांसकट अलगद सोडविली आणि वर्तमानपत्रावर पसरून तीन दिवस सावलीत तशीच ठेविली. मग लहान मातीच्या कुंड्या घेतल्या, तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेविला, निम्मी माती आणि निम्मी जाड वाळू व विटांचा चुरा असे मिश्रण करून त्यात मूठभर जुने शेणखत मिसळले. पिल्ले पूर्वी जितकी खोल होती तितकीच पुरली आणि कुंड्या गॅलरीत, सकाळचा उजेड मिळेल पण दुपारचे ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेविल्या. पाण्याचा एक थेंबही घातला नाही. पाचव्या दिवशी पानांवर बारीक सुरकुत्या दिसल्या तेव्हा आम्ही तांब्या घेऊन धावलो. आईने हात धरला. म्हणाली, "तिला जरा तहान लागू दे. तहान लागल्याशिवाय मुळी खाली उतरत नाही."

यामागील शास्त्र आम्ही नंतर वाचले. कोरफडीसारखी मांसल पानांची झाडे पाण्याचा साठा पानांतच बाळगतात. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात. ही झाडे मात्र ती दिवसाच्या उन्हात मिटून घेतात, रात्रीच्या गारव्यात उघडून कर्बवायू आत घेतात आणि दिवस उजाडल्यावर त्याचे अन्न करतात. त्यामुळे थोडी तहान त्यांना सोसते. कुंडी बदलताना मुळ्या कितीही जपल्या तरी काही तुटतातच. तुटलेल्या टोकांवर खपली धरण्यापूर्वी ओल लागली, तर त्या जखमेतून कूज आत शिरते. म्हणून आठवडाभर कोरडे ठेवावयाचे, मग एकदा तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावयाचे, आणि पुन्हा माती बोटाला आतपर्यंत कोरडी लागेल तोवर थांबावयाचे. पावसाळ्यात हे काम काढूच नये. कुंड्याही छपराखाली घ्याव्यात.

विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की पुणे तरी काय, दुसरीकडून आणून लावलेल्यांचेच शहर आहे. कोरफडीला आपण घरची मानतो, संस्कृताने तिला 'कुमारी' असे लाडके नाव दिले. पण तिचे मूळ अरबस्तानातले. फड्या निवडुंग अमेरिका खंडातून आला आणि आपल्या गावकुसाला असा चिकटला, की तो कोणाला परका वाटेनासा झाला. निवडुंगाच्या जाळीत सापडला असे सांगतात तो 'निवडुंग्या विठोबा' नाना पेठेत आहे. तुकोबांची पालखी तेथे मुक्कामाला असते. त्याच नाना पेठेत आपले सिटी चर्च उभे आहे. आपल्या सैन्यातील कॅथलिकांना उपासना करता यावी म्हणून सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली त्यासाठी जागा दिली. नगर रस्त्यावरील पेपल सेमिनरी मूळची कँडीची. पोप तेरावे लिओ यांनी १८९३ साली ती तेथे स्थापिली आणि १९५५ साली ती समुद्र ओलांडून पुण्यास आली. या सर्वांना कोणी ना कोणी जागा दिली; मूळ मात्र ज्याचे त्यालाच धरावे लागले.

आमच्या घरात तर आईला मूळ धरावयास आम्ही अवसरच ठेविला नव्हता. आल्या दिवसापासून आम्ही तिच्या हातचा झाडू घेतला, विळी घेतली. चर्चला रिक्षाने न्यावयाचे, बाकावर शेजारी बसावयाचे, रिक्षाने परत आणावयाचे. "आई, तू नुसती बसून राहा," हे आमचे पालुपद. शेजारीपाजारी आमचे कौतुक करीत आणि आम्हांला ते गोड लागे. आई मात्र दिवसेंदिवस अबोल होत होती, ताटातले अन्न तसेच राहू लागले होते. त्या तीन कुंड्यांना पहिले पाणी दिले त्या दिवशी ती म्हणाली, "उद्यापासून सकाळच्या मिस्साला मला एकटीला जाऊ दे." आमच्या डोळ्यांपुढे रस्त्यावरची वाहने उभी राहिली. तरी मन घट्ट करून होकार दिला. एकदा ती वळण चुकली. एका भाजीवालीने तिला वाटेला लावले. दोन महिन्यांत चर्चमधला एक बाक तिचा झाला, दोन मैत्रिणी झाल्या. ऑक्टोबर महिन्यात आमच्या इमारतीत घरोघरी जपमाळेची प्रार्थना झाली, तेव्हा सुरुवात तिने केली.

आम्ही धडा शिकलो, असे आम्हांस वाटले. दुसऱ्या वर्षी आमचा एक भाचा गावाहून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्यात आला आणि भाड्याच्या खोलीत राहू लागला. आरंभी तो दर रविवारी जेवावयास येई. मग एक रविवार चुकला, दोन चुकले. "त्याला त्याचे मूळ धरू द्यावे, उगाच पाणी घालू नये," असे आम्ही एकमेकांना समजावीत राहिलो. आईचे वाक्य आता आमच्या तोंडी सुभाषितासारखे बसले होते. जानेवारीत आईनेच विचारले, "पोरगं शेवटी कधी आलं होतं?" आम्हांला सांगता येईना. ती म्हणाली, "तहान लागू दे म्हटलं होतं. पाठ फिरव म्हटलं नव्हतं."

त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. काविळीने तो तीन आठवडे अंथरुणावर होता. परीक्षा बुडाली होती. आईबापांनी पैसे कसे उभे केले हे त्याला ठाऊक असल्याने त्याने गावी कळविले नव्हते. आणि आम्हांला का कळविले नाही, या प्रश्नावर तो नुसता भिंतीकडे पाहत राहिला. आम्ही त्याला घरी आणले. तो बरा झाला, पण त्याचे एक वर्ष गेले, आणि ते आम्हांला भरून देता आले नाही.

तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. हात आवरणे हे प्रेम केव्हा असते, आणि बेपर्वाई केव्हा? बाहेरून पाहता दोन्ही कुंड्या सारख्याच कोरड्या दिसतात. आई आठ दिवस पाणी घालीत नव्हती. परंतु त्या आठही दिवसांत तिने सकाळ-संध्याकाळ वाकून पाने पाहिली होती, बोटाने माती चाचपली होती. सुरकुती तहानेची की कुजण्याची, हे तिला कळत होते, कारण तिची नजर तेथे होती. भाच्याच्या बाबतीत आम्ही पाण्याबरोबर नजरही काढून घेतली. आणि पहिल्या कोरफडीला आम्ही रोज पाणी घातले, तेव्हा तरी आम्ही तिच्याकडे पाहत होतो काय? आपण काहीतरी करतो आहोत, या समाधानाची तहान आमची होती. अतिकाळजी आणि बेपर्वाई एकमेकींच्या विरुद्ध भासतात, पण दोघींनाही समोरच्या जिवाकडे पाहावयाचे नसते.

प्रभू येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात ही गोष्ट किती स्पष्ट आहे! धाकट्या मुलाने वाटणी मागितली, पित्याने दिली. तो दूरदेशी निघाला, पित्याने त्याचा हात धरून ठेविला नाही, मागोमाग नोकर धाडले नाहीत. मुलाला दुष्काळाची झळ लागू दिली. पण तो परतला तेव्हा अजून दूर असतानाच पित्याला दिसला. रोज वाटेकडे डोळे लावून बसल्यावाचून इतक्या दुरून कोण दिसते? संत पौलानेही करिंथकरांना स्मरण दिले, की लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढ देणारा मात्र परमेश्वरच. वाढ आपल्या हाती नाही, म्हणून पाहण्याचे कामही आपले नाही, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये.

आपल्या प्रत्येक घरात आज कोणी ना कोणी नव्या कुंडीत आहे. कोणाची सून, कोणाचे वृद्ध वडील, कोणाचा वसतिगृहातला मुलगा, कोणाची परदेशी परिचारिका म्हणून गेलेली मुलगी. त्यांच्यासाठी काय करावे याचा एकच नियम आम्हांला सांगता येणार नाही. प्रत्येक झाडाची तहान निराळी. एवढेच म्हणतो, की हात पुढे करण्यापूर्वी पाहावे, आणि हात मागे घेतल्यावरही पाहावे.

आई आज आमच्यात नाही. तिच्या पिल्लांची पिल्ले आमच्या गॅलरीत आहेत, धर्मग्रामातील कित्येक घरांतही गेली आहेत. भाचा नोकरीला लागून बरीच वर्षे झाली. त्याला आम्ही रोज फोन करीत नाही. परंतु एखादा रविवार चुकला, तर सोमवारी संध्याकाळी त्याच्या दारात उभे राहतो.