चांगला म्हणून प्रिय, की प्रिय म्हणून चांगला?

आजचं वाचन: लूक १५:११-३२

उधळ्या पुत्राचा दाखला आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. आज तो जरा वेगळ्या बाजूने वाचू या. लूकने आपलं शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिलं, आणि त्या भाषेत प्रेम आणि चांगुलपणा यांच्या नात्यावर त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून विचार चालू होता.

प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिस विचारतो: पवित्र गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र ठरते? (समोरचा युथिफ्रो स्वतःच्या बापावर मनुष्यवधाचा खटला भरायला आलाय, आणि त्याला आपण बरोबरच आहोत याची पक्की खात्री आहे!) सॉक्रेटिसचा प्रश्न कर्मांबद्दल होता. पण 'गोष्ट' काढून तिथे 'माणूस' घाला. मी चांगला आहे म्हणून देव माझ्यावर प्रीती करतो का?

आम्हा आयटीवाल्यांना याचं उत्तर पाठच असतं. आधी वर्षभराचं काम, मग रेटिंग, मग त्याप्रमाणे इन्क्रिमेंट. हाच हिशोब आपण प्रार्थनेतही घेऊन बसतो. या आठवड्यात वाचन चुकलं नाही, म्हणजे देव खूश असणार.

हा हिशोब उथळ आहे असं समजू नका. अॅरिस्टॉटलसारखा माणूस त्याच्या बाजूने उभा आहे. त्याच्या मते उत्तम मैत्री समोरच्याच्या सद्गुणांवर उभी असते. मग मित्र बिघडला तर? सुधारण्यासारखा असेल तर मदत करावी, नसेल तर नातं तोडण्यात नवल नाही, असं तो सरळ म्हणतो. आणि त्याचा देव? सगळं विश्व त्याच्या ओढीने हलतं, पण तो स्वतः कोणाकडे वळत नाही. जो परिपूर्ण आहे त्याला कशाची उणीव? तो कोणामागे कशाला जाईल? तर्क स्वच्छ आहे. मला त्याचा आदर वाटतो.

आता १५व्या अध्यायातला बाप बघा. तो दुरूनच मुलाला पाहतो आणि धावत सुटतो. क्रम नीट वाचा: मिठी २०व्या वचनात आहे, कबुली २१व्या. मुलाच्या मनात पश्चात्ताप झाला होता हे खरं, पण बापाने तो अजून ऐकलेला नव्हता. आणि त्याची उणीव भरून निघावी म्हणून तो धावला असंही दिसत नाही. झगा, अंगठी, जोडे, पुष्ट वासरू, सगळं देणंच चाललंय. भरलेलं आहे म्हणून वाहतंय.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हे नेमकं मांडलं. आपलं प्रेम समोर चांगलं दिसलं की जागं होतं, देवाचं प्रेम मात्र समोरच्यात चांगुलपणा निर्माण करतं. १५१८ मध्ये हायडेलबर्गच्या वादविवादात लूथरच्या शेवटच्या ईश्वरशास्त्रीय सिद्धांताचा आशय जवळपास हाच होता. एकाने अॅरिस्टॉटलला गुरू मानलं, दुसऱ्याने त्याच्यावर आयुष्यभर आग पाखडली, तरी दोघं इथे भेटतात. मला याची गंमत वाटते.

पण खरी अडचण थोरल्या भावाची आहे. तो शेतात राबलाय. त्याच्या तोंडी जी तक्रार आहे ती मत्सर म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. बापाची मिळकत उडवणाऱ्याला मेजवानी मिळत असेल, तर चांगलं वागण्याला किंमत काय उरली? ज्याला कोणीतरी खरोखर दुखावलंय, त्याने 'देव त्याच्यावरही प्रीती करतो' हे ऐकलं की पोटात खड्डा पडतो. त्याला दोन वचनं सांगून गप्प करू नये.

दाखल्यात बापही त्याला गप्प करत नाही. घरात वाजंत्री चालू असताना तो पाहुणे सोडून बाहेर येतो आणि त्याची विनवणी करतो. थोरला धाकट्याला 'भाऊ' म्हणायला तयार नाही, 'तुमचा मुलगा' म्हणतो. बाप उत्तरात 'तुझा भाऊ' म्हणतो. त्याचं राबणं खोटं होतं असं तो म्हणत नाही. माझं ते सगळं तुझंच आहे, असं सांगतो. म्हणजे ज्या प्रेमासाठी तो इतकी वर्षं पगार मागावा तसा कष्ट करत होता, ते आधीपासून त्याचंच होतं.

तो मग आत गेला का, हे प्रभु येशूने सांगितलेलं नाही. बाप अजून अंगणात त्याच्याजवळ उभा आहे, आणि दाखला तिथेच संपतो.