पावणेतीन मिलिमीटरचा इतिहास

जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा जेमतेम 13 किलोमीटरचा. खामगावच्या पेठेतला कापूस मुख्य मार्गापर्यंत पोचावा म्हणून तो टाकला गेला आणि 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. या फाट्याची छोटी प्रतिकृती करायला घेतली, की पहिला प्रश्न इंजिनाचा येतो. आपल्या भागात धावलेल्या वाफेच्या इंजिनाचे तयार मॉडेल सहसा मिळत नाही. मग हौशी माणूस परदेशी मॉडेल घेतो, धुरांडे बदलतो, कॅब नवी बसवतो, रंग देतो. या कामाला हाताचे कसब लागतेच. पण त्याहून अधिक इतिहासाचा अभ्यास लागतो.

विदर्भातला लहान फाटा म्हटला की पुष्कळांना शकुंतला आठवते. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारा तो मार्ग नॅरोगेजचा, रुळांतले अंतर 762 मिलिमीटर. खामगावचा फाटा मात्र ब्रॉडगेज, म्हणजे 1676 मिलिमीटरचा. शकुंतलेचे इंजिन खामगावच्या फलाटाला उभे केले तर ते कितीही देखणे दिसो, ते खोटे आहे. बाजारात सर्रास मिळणारे 1:87 प्रमाणाचे रूळ 16.5 मिलिमीटर रुंदीचे असतात. ते युरोपातल्या 1435 मिलिमीटरच्या मार्गाला जुळतात. आपल्या ब्रॉडगेजला त्याच प्रमाणात 19 मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर हवे. फरक पावणेतीन मिलिमीटरचा, पण आपल्या गाड्यांची ऐसपैस बैठक त्यातच आहे.

याहून अवघड प्रश्न काळाचा. एकच इंजिन आयुष्यभर एकाच रूपात राहत नसे. बॉयलर बदलले जात, दिवे बदलत, रंग आणि अक्षरे बदलत. म्हणून ‘हुबेहूब इंजिन’ एवढे म्हणणे पुरेसे नाही. कोणत्या वर्षीचे, हे आधी ठरवावे लागते. डब्ल्यूपी जातीची इंजिने भारतात 1947 मध्ये आली. हा मुख्य मार्ग चालवणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे 5 नोव्हेंबर 1951 रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली. तेव्हा डब्ल्यूपीवर जीआयपीची अक्षरे रंगवायची, तर मधली चारच वर्षे उरतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके त्याच मुख्य मार्गावरची. तिथले 1940 चे दृश्य मांडताना डब्ल्यूपी ठेवताच येणार नाही.

‘एवढ्याशा खेळण्यात हे बघणार कोण?’ असा प्रश्न विचारला जातो. बघणारे पुष्कळ असतात आणि ते बघतात तेच खरे मानतात. बोरीबंदर ते ठाणे ही 1853 ची पहिली प्रवासी गाडी दाखवताना कित्येकदा ‘फेअरी क्वीन’चे चित्र वापरले जाते. ते इंजिन 1855 चे, ईस्ट इंडियन रेल्वेचे, आणि त्याला ओढणाऱ्या चाकांची एकच जोडी. जीआयपीने व्हल्कन फाउंड्रीकडून आणलेल्या पहिल्या इंजिनांना अशा दोन जोड्या होत्या. चूक चाके मोजून कळते. पण मोजणारे थोडे, म्हणून ती टिकते.

शकुंतलेचे वाफेचे इंजिन 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले. त्यानंतर जन्मलेल्यांनी ते गाडी ओढताना पाहिलेलेच नाही. त्यांच्यासाठी प्रतिकृती हाच पुरावा ठरतो. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहताना मुले नुसती रमत नाहीत, तिथे पाहिलेले मनात साठवूनही नेतात. म्हणून घडवणाऱ्यावर जबाबदारी येते. कल्पनेने इंजिन रचण्याला माझा विरोध नाही. ते काल्पनिक आहे, एवढे शेजारी लिहावे. जिथे पुरावा नाही तिथे सजावट भरू नये. तपशिलाचा हा आग्रह म्हणजे ज्या फायरमनने त्या भट्टीत कोळसा टाकला आणि ज्या मिस्त्रीने तो बॉयलर दुरुस्त केला, त्यांच्या श्रमांचा मान आहे.

हा पुरावा आपल्याच घरांत आहे. खामगाव, जलंब, शेगाव, मलकापूर भागातल्या ज्या घरांत आजोबा-पणजोबा रेल्वेत होते, तिथे जुने फोटो असतील. ते फेकू नका. फोटोतले ठिकाण, वर्ष आणि इंजिनाचा क्रमांक घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच मागे लिहून ठेवा.