थोर नगर कोणते?

"जागतिक दर्जाचे शहर" हा शब्द अलीकडे आपल्या खेड्यांतूनही ऐकू येतो. पुणे शहराची 2016 साली स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली आणि आज तेथे भुयारातून मेट्रो गाडी धावते. उत्रोली, भोर व वेल्हे ह्या बाजूचे पुष्कळ तरुण पोटासाठी त्याच शहरी जातात. म्हणून नगराची थोरवी कशात असते, हा प्रश्न आपल्या घरचाच होय.

उंच इमारती व रुंद रस्ते ह्यांत ती आहे काय? मुंबई पाहा. तेथील बोरीबंदरचे भव्य रेल्वे स्थानक 2004 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. परंतु ते स्थानक बांधून थोडीच वर्षे लोटली होती, तोच 1896 साली प्लेग शहरात शिरला, आणि दाटीच्या, अंधाऱ्या, ओलसर वस्त्यांत त्याने माणसे पटापट नेली. गिरण्यांचा धूर आकाशी चढत होता, पण गिरणीत राबणाऱ्यास निजावयास पुरती हवा नव्हती. 2011 च्या खानेसुमारीतही त्या महानगरात दर पाच माणसांमागे सुमारे दोन झोपडवस्तीत राहत होती.

कोणी म्हणेल, "धनावाचून शहर गरिबास तरी काय देणार?" हे म्हणणे खोटे नव्हे. रुग्णालय, शाळा, नळ ह्यांस पैसा लागतोच. शिवाय गावी ज्यास ओसरीवर बसू देत नाहीत, तो शहरच्या गाडीत सर्वांच्या मांडीस मांडी लावून बसतो, हा शहराचा उपकार विसरू नये. तथापि धन हे साधन होय, माप नव्हे.

माप पाहावयाचे तर दोन गोष्टी आठवाव्या. 1868 साली जोतीराव फुले ह्यांनी पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली. एका ठिकाणी घोटभर पाणी, दुसऱ्या ठिकाणी एका दिवसाचा विसावा! ह्यांनी शहराची उंची वीतभरही वाढली नाही. परंतु त्या दिवशी ती नगरे खरोखर मोठी झाली, कारण ज्यास कोणी मोजीत नव्हते तो माणूस म्हणून मोजला गेला.

पाण्यावरून आणखी एक विचार सुचतो. पुण्याच्या नळास येणारे पाणी पानशेत व वरसगाव ह्या वेल्ह्याकडील धरणांतून खडकवासल्यास जाते. त्या जलाशयांखाली कित्येकांची शेते व घरे गेली आहेत. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, आणि डोंगरातले संकट काही तासांत शहराच्या पेठांत शिरले. डोंगर व नगर ह्यांचे नशीब एकत्र बांधलेले आहे. ज्यांच्या जमिनीवर आपली तहान भागते, त्यांस जे नगर विसरते ते कितीही झगमगो, ऋणकोच राहील.

जखऱ्या संदेष्ट्याने उद्धरलेल्या यरुशलेमेचे चित्र रेखिले, त्यात राजवाड्यांचे वर्णन नाही; हाती काठी घेतलेले वृद्ध चौकांत निर्धास्त बसले आहेत आणि मुले रस्त्यांत खेळत आहेत, एवढेच आहे. आपल्या शहरांस हीच कसोटी लावावी. म्हातारी बाई रस्ता निर्भयपणे ओलांडते काय? मजुराचे मूल कोठे खेळते? गटारात उतरणारा जिवंत वर येतो काय?

आणि बंधुभगिनींनो, ही कसोटी केवळ शहरासच लावून आपण मोकळे होऊ नये. नगर आकाशातून पडत नाही. ते खेड्यांतून गेलेल्या माणसांचेच बनते. आपल्या पाणवठ्यावर जो भेद आपण पाळू, तोच आपला मुलगा गाठोड्यात बांधून शहरी नेईल, आणि तेथे भाड्याची खोली देताना जात विचारील. उलट येथे ज्याने परक्यास आपल्या तांब्यातले पाणी दिले, तो तेथेही देईल. तेव्हा थोर नगराचा पाया पुण्यामुंबईत घातला जाण्यापूर्वी आपल्या विहिरीच्या काठी घातला जातो, हे ध्यानी धरावे.