जुळतानाचा भडका

मे 2024 मधल्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेच्या आकाशातही तांबूस उजेड उमटला होता. असा उजेड एरवी पाहायचा तर ध्रुवाजवळचे देश गाठावे लागतात. पृथ्वीभोवती चुंबकीय कवच आहे, हे शाळेत शिकलेल्या कुणालाही तेव्हा प्रश्न पडावा: मग वादळ आत शिरलं कसं?

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो; वेग सेकंदाला साधारण 400 किलोमीटर. हा प्लाझ्मा येताना सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही सोबत आणतो. पृथ्वीपासून साधारण 65 हजार किलोमीटरवर तो आपल्या कवचाला भिडतो. त्याच्या जोरानं कवच दबतं, आत सरकतं. पण उघडतं ते दिशेमुळे. सीमेच्या सूर्यासमोरच्या भागात पृथ्वीच्या चुंबकीय रेषा उत्तरेकडे रोखलेल्या असतात. वाऱ्यातल्या रेषाही उत्तरमुखी असल्या, तर वारा बहुतेक सगळा बाजूनं निघून जातो. त्या दक्षिणमुखी असल्या, तर विरुद्ध दिशांच्या या रेषा तुटतात आणि एकमेकींना जुळतात. मग एक टोक पृथ्वीत आणि दुसरं सौरवाऱ्यात, अशा रेषा तयार होतात. शास्त्रज्ञ याला मॅग्नेटिक रिकनेक्शन म्हणतात.

पण कथा इथे अर्धीच झाली. उरलेली अर्धी 1961 मध्ये जेम्स डंजी या ब्रिटिश शास्त्रज्ञानं मांडली. उघड्या पडलेल्या या रेषा सौरवारा ध्रुवांवरून ओढत मागे नेतो. पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला त्यांचं लांबच लांब शेपूट तयार होतं. तिथे त्या ताणल्या जातात, ऊर्जा साठत जाते आणि शेवटी शेपटाच्या मध्यावर विरुद्ध दिशांच्या रेषा पुन्हा एकमेकींना जुळतात. साठलेली ऊर्जा मोकळी होते, प्लाझ्मा पृथ्वीकडे फेकला जातो आणि ध्रुवांजवळचं आकाश एकाएकी पेटून उठतं. म्हणजे दार उघडतं समोरचं, आणि तडाखा बसतो पाठीमागून, तोही काही वेळानं.

नासानं 2015 मध्ये सोडलेल्या चार एकसारख्या यानांनी ही दोन्ही ठिकाणं आतून पाहिली: दिवसाच्या बाजूचं त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला, शेपटातलं 11 जुलै 2017 ला. एवढ्या अवाढव्य कवचाची उघडझाप ज्या गाभ्यात ठरते, त्याची जाडी काही किलोमीटर ते काही डझन किलोमीटर एवढीच भरते.

मला यात विचार करायला लावतं ते शेपटातलं जुळणं. समोर रेषा तुटतच राहिल्या आणि मागे जुळल्याच नाहीत, तर कवच उघडंच पडत जाईल. आकाशातला तो भडका आपल्याला हल्ला वाटतो. खरं तर त्याच वेळी मागे दुरुस्ती चाललेली असते. जुळणीत मोकळी झालेली ऊर्जा उपग्रहांना, वीजवाहिन्यांना त्रास देऊ शकते, हेही खरंच. दुरुस्ती फुकट होत नाही.

माणसांतही असंच होतं. दोन भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा घर शांत असतं; ताण मात्र आत साठत असतो. मग एक दिवस ते समोरासमोर बसतात आणि आवाज चढतात. शेजारी म्हणतात, भांडण पेटलं. भांडण केव्हाच झालेलं असतं. ऐकू येतो तो ताण मोकळा होण्याचा आवाज.

प्रत्येक भडका जुळणीचाच असतो असं नाही. पण काय तुटलं हे विचारताना, काय जुळू पाहतंय हेही विचारावं. पृथ्वीचं उघडलेलं कवच तरी अशाच जुळणीतून पुन्हा मिटतं.